मी फक्त एक शब्द बदलला

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी

आजपासून रोजनिशी. कारण सूड. सूड नुसता डोक्यात ठेवला की जेवण झाल्यावर कमी होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून लिहून ठेवणार.

ठराव पहिला: अद्वैतला आजपासून सर म्हणायचं न्हाई. वहीत तर बिलकुल न्हाई.

ठराव दुसरा: त्याच्या डोळ्यात पाणी आणायचं. भर ऑफिसात, सगळ्यांसमोर. तोवर रोजनिशी बंद करायची न्हाई.

तोच दिवस. संध्याकाळी

सकाळी रागात ठरावच लिहिले, झालं काय ते राहूनच गेलं.

आमची पुण्याची कंपनी एक सॉफ्टवेअर बनवती. एका फाइलवर खूप जण काम करून राह्यले असले तर कोणी कोणती ओळ बदलली ते हे सॉफ्टवेअर दाखवतं. जुनी ओळ लाल, नवी ओळ हिरवी, बाजूला बदलणाऱ्याचं नाव. थोडक्यात चुगलखोर सॉफ्टवेअर. मी तिथं टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा. आधी चहापाण्याला होतो. एकदा टेबल पुसता पुसता कीबोर्डपण पुसला आणि सॉफ्टवेअर असं बंद पडलं की तसं आधी कोणालाच पाडता आलं नव्हतं. आमच्या टीमच्या हेड श्रद्धा मॅडम म्हणल्या, ह्याला टेस्टिंगला घ्या. दहावी नापास माणूस डायरेक्ट टेस्टर. अख्ख्या वडीगोद्रीत दुसरा दाखवा. सध्या ट्रायलवर आहे. पक्कं झालं तर झालं, न्हाई तर गावाकडं हायवेवर आण्णांच्या, म्हणजे वडलांच्या, टायरच्या दुकानात पंक्चर काढायचे.

अद्वैत्या म्हणजे हे सॉफ्टवेअर लिहिणारा इंजिनिअर. दिवाळीला गावी गेल्तो तेव्हा त्यानी एक फाइल पाठवली. सॉफ्टवेअरमधल्या मदतीचा मराठी मजकूर. म्हणाला, भारत, ह्यात एका ठिकाणी 'नष्ट करा' असं आहे, लोक घाबरतात, तिथं 'काढून टाका' कर. एवढा एक शब्द. बाकी कशाला हात लावू नकोस. मी गावातल्या राधेश्यामच्या ऑनलाइन सेंटरवर बसून काम केलं, पेनड्राइव्हवर आणलं, आज सकाळी चढवलं. तर सगळी फाइल लाल. आणि खाली सगळीच्या सगळी परत हिरवी. प्रत्येक ओळीपुढं माझं नाव. भारत, भारत, भारत. जपाची वही असती तसं.

आणि लाल ओळ वाचा, हिरवी वाचा. अक्षर न् अक्षर सारखं! मंग बदललं काय? सॉफ्टवेअर धडधडीत खोटं बोलून राह्यलं.

अद्वैत्या भर मीटिंगमध्ये म्हणाला, एक शब्द सांगितला होता रे, तू तर सगळी पोथीच नव्यानं लिहून आणलीस. सगळे हसले. श्रद्धा मॅडमपण हसल्या, पण तोंडावर हात धरून. म्हणून त्यांना माफ.

४ नोव्हेंबर

राग यायचं खरं कारण वेगळंच आहे. अद्वैत्या मूळचा जांब समर्थचा, आमच्याच जिल्ह्यातला. माझ्या पहिल्या दिवशी म्हणला होता, वडीगोद्रीचा का? अरे मग आपण गाववाले की! त्या दिवसापासून मी त्याला आपला धरला. त्याचा चहा बाकीच्यांच्या आधी नेऊन ठेवायचो, आल्याचा. दिवाळीला त्यानी त्याच्या आईच्या हातच्या चकल्यांचा डबा दिला. डबा अजून माझ्याकडंच आहे. दुसरं कोणी हसलं असतं तर सोडून दिलं असतं.

ठराव तिसरा: डबा रिकामा परत करायचा.

हे बारीक वाटतं, पण न्हाई. आमच्या घरातून कोणाचं भांडं रिकामं परत जात न्हाई. शेजारून वाटीभर साखर आणली तर आई वाटीत निदान चार मिरच्या घालून परत देती. रिकामा डबा म्हणजे तुमचं आमचं संपलं. समजणाऱ्याला जागेवर समजतं.

मी तरी फाइल काय रिकामी परत केल्ती? राधेश्यामच्या मशीनवर तिच्या सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून आल्त्या, मधी मधी काळे चौकोन, उंदरानी घाण केल्यासारखे. ते एकेक पुसले, तिथं एंटर मारला, ओळी खालोखाल नीट लावून दिल्या. कोणी सांगितलं नव्हतं. घरचं वळण. त्याचं कौतुक तर सोडाच.

५ नोव्हेंबर

बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, नोंदवला. नाव दिलं: सॉफ्टवेअर खोटं बोलतं. मी फक्त एक शब्द बदलला.

अद्वैत्यानी बंद केला. शेरा: माझ्याकडे होत नाही.

परत उघडला. परत बंद केला. परत उघडला, तर श्रद्धा मॅडमनी आत बोलावलं. म्हणल्या, भारत, होतं म्हणतोस ना? मग परत करून दाखव. परत करता आलं नाही तर तो बग नाही, नुसती कुरकुर. मी म्हणलं, मॅडम, करून दाखवलं तर? म्हणल्या, नवं व्हर्जन निघायच्या आत दाखवलंस तर तुला पक्कं करायची जबाबदारी माझी. नाही दाखवलंस तर मला पण वर काही सांगता येणार नाही.

म्हणजे आता नुसती इज्जत न्हाई, नोकरीपण. बरंच झालं. एका दगडात अद्वैत्या.

६ नोव्हेंबर

ऑफिसात प्रयोग. अद्वैत्यानी पाठवलेली मूळ फाइल उघडली. इथं ओळी सरळ, चौकोन न्हाईत. एक शब्द बदलला. सॉफ्टवेअरनी एकच ओळ लाल दाखवली, एकच हिरवी. साळसूदपणा बघा.

जोरात बदलला. हळू बदलला. चहा पिऊन बदलला. न्हाई.

अद्वैत्या मागून जाता जाता म्हणला, काय रे, भूत दिसलं का परत? उत्तर तयार होतं, पण तो लिफ्टमध्ये गेल्यावर सुचलं.

निष्कर्ष: बग पुण्यात राहत न्हाई. तो वडीगोद्रीत राहतो. तिथं जाऊन धरावा लागेल.

मॅडमकडं सुट्टी मागितली. म्हणलं, घरी कापूस वेचणी आहे. खोटं बोललो. सुडात चालतं.

९ नोव्हेंबर, रविवार. वडीगोद्री

घरी सांगितलं, कंपनीनं स्पेशल ड्यूटीवर पाठवलंय. आण्णा म्हणले, स्पेशल ड्यूटी म्हणजे काढलं का? म्हणलं, न्हाई, उलट एक माणूस माझ्यामुळं अडचणीत येणार आहे. आण्णा म्हणले, ते तर मी तू जन्मल्यापासून बघून राह्यलो.

आई म्हणली, आलाच आहेस तर बरं झालं, कापूस फुटून उभा आहे, उद्या सकाळी रानात. म्हणजे मॅडमला सांगितलेलं खरंच निघालं. मी खोटं बोललोच न्हाई. सूड स्वच्छ आहे.

१० नोव्हेंबर

कापसातून कंबर धरून राधेश्यामच्या सेंटरवर गेलो. बघतो तर नवा कोरा कॉम्प्युटर, वर झेंडूचा हार. तुळशीच्या लग्नाचा मुहूर्त धरून घेतला म्हणे. मी म्हणलं, जुना कुठं? राधेश्याम म्हणला, भारतभाऊ, तो डबा दिला शहागडच्या वसंताला, भंगारात. त्याच्यावर फॉर्म भरला की बायाबापड्यांचं वयच बदलून जाई. एका म्हातारीला त्यानी अंगणवाडीत घातली होती.

नव्यावर करून बघितलं. चौकोन न्हाईत, चिकटलेल्या ओळी न्हाईत, बग न्हाई.

राधेश्यामला म्हणलं, तू पुरावा विकलास. तो म्हणला, भाऊ, मी तर मोकळी जागा केली.

अद्वैत्याचा ह्यात हात असेल का? शक्यता कमी आहे. पण लिहून ठेवतो.

११ नोव्हेंबर. शहागड

गोदावरीच्या पुलाजवळ वसंताचं भंगार. कॉम्प्युटर सापडला! कूलरच्या पत्र्याखाली, वर कोंबडी बसल्ती. वसंताला वाटलं काहीतरी मोल असणार, न्हाई तर हा माणूस डब्यासाठी एवढा पळत कशाला येईल. म्हणला, पावना, असा न्हाई सोडत. मी म्हणलं, काय पाहिजे? म्हणला, ट्रकचे दोन टायर आण, घेऊन जा.

आण्णांच्या दुकानामागं दोन पडून होते. टेम्पोवाल्याला गळ घालून आणून दिले. कोणाला विचारत बसलो न्हाई. मोठ्या कामात बारीक परवानग्या घेत बसलं की काम बारीक होतं.

कॉम्प्युटर मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमध्ये बसलो. शेजारची बाई म्हणली, टीव्ही बिघडला का? म्हणलं, न्हाई, एका माणसाला बिघडवायचाय.

१२ नोव्हेंबर

टायर पडून नव्हते. गिऱ्हाइकाचे होते. उसाच्या ट्रकवाल्यानी ठेवायला दिल्ते. ट्रकवाला सकाळपासून दुकानात बसून होता आणि आण्णा त्याला चहावर चहा पाजत होते.

आण्णा काय बोलले ते लिहीत न्हाई. ही वही उद्या कोणी सन्मानानं वाचेल.

आण्णा स्वतः शहागडला जाऊन टायर घेऊन आले. बदल्यात वसंताला माझी क्रिकेटची बॅट आणि माझी लोखंडी खाट दिली. आता मी खाली झोपून राह्यलो. हरकत न्हाई. त्या खाटेचंपण अद्वैत्याच्या नावावर लिहिलं.

१३ नोव्हेंबर

धरला!! धरला, धरला, धरला!

सगळं दिवाळीसारखंच मांडलं. राधेश्यामच्या टेबलावर जागापण तीच. जुना कॉम्प्युटर चालू केला तर आतून कोंबडीचं पीस उडून आलं, पण चालू झाला. मोबाइल पाण्याच्या जारला टेकवून व्हिडिओ लावला. पुरावा.

फाइल उघडली. अंगावर काटा! बराबर तशाच ओळी चिकटलेल्या, तेच काळे चौकोन. दिवाळीत केलं तसंच केलं, एक पाऊल इकडंतिकडं न्हाई. एकेक चौकोन पुसला, एंटर मारला, ओळ नीट लावली. पुसला, मारला, लावली. मधी लाइट गेली, परत पहिल्यापासून. मधी आई आली, रानातनं सरळ, ओरडून गेली. शेवटचा चौकोन पुसला तेवढ्यात राधेश्याम चहा घेऊन आला. दिवाळीतपण आल्ता. म्हणून चहापण पिला. मंग सेव्ह केलं, पेनड्राइव्हवर घेतलं, नव्या कॉम्प्युटरवर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं.

सगळं लाल! सगळं हिरवं! भारत, भारत, भारत!

मी नाचलो. राधेश्यामपण नाचला. त्याला वाटलं पोलीस भरतीचा निकाल लागला.

१४ नोव्हेंबर

अद्वैत्यानी माफी कशी मागायची ते ठरवून राह्यलो.

उभं राहून. मराठीत. आमच्या मराठीत, पुण्याच्या न्हाई. 'भारतभाऊ, माझं चुकलं, मी गाववाल्याला हसलो.' मंग माझा चहा त्यानी आणायचा. आल्याचा. मी म्हणणार, साखर कमी आहे. तो परत जाणार. हे दोनदा.

बॅग भरताना आईला तो डबा दिसला. म्हणली, कोणाचा? म्हणलं, ऑफिसातल्या एकाचा. रिकामाच द्यायचाय, हात लावू नको. म्हणली, रिकामा? का बरं? म्हणलं, दुश्मनाचा आहे. आई म्हणली, दुश्मनाचा आहे तर गच्च भरून दे. त्याला काय वाटंल, ह्यांच्या घरात काही न्हाई?

शेंगदाण्याची चटणी कुटून गच्च भरली. आमच्या पद्धतीची, लाल. पुण्यात पोचलो की काढून मी खाणार आणि डबा रिकामा देणार. ठराव म्हणजे ठराव.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी. पुणे

आज. इस्त्रीचा शर्ट. मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर व्हिडिओ. भाषण पाठ आहे. सुरुवात: 'मी फक्त एक शब्द बदलला.' शेवट: 'मी फक्त एक शब्द बदलला.'

तोच दिवस. संध्याकाळी

आज लिहीत न्हाई.

१८ नोव्हेंबर

लिहितो. न्हाई तर उद्या मीच वेगळं काहीतरी आठवीन.

सगळे आल्ते. व्हिडिओ लावला. पडद्यावर मी, चौकोन, एंटर. आईचा आवाज अख्ख्या ऑफिसात घुमला: भारत्या, मेल्या, कापूस काय तुझा कॉम्प्युटर वेचणार का? सगळे खाली बघून हसले. अद्वैत्या हसला न्हाई. तो खुर्ची पुढं ओढून बघत होता. मला वाटलं घाबरला.

म्हणाला, थांब, मागं घे. ते चौकोन तू पुसतोयस? म्हणलं, हो. आणि तिथं एंटर मारतोयस? प्रत्येक ओळीला? मी म्हणलं, प्रत्येक. एक सोडला न्हाई. दिवाळीतपण.

मंग त्यानी सांगितलं. ओळ संपली की तिथं न दिसणारी एक खूण असते. आपल्या फाइलमधली खूण त्या जुन्या कॉम्प्युटरला ओळखता येत नाही, म्हणून तो चौकोन दाखवतो. तू आपली खूण पुसलीस आणि एंटर मारून त्याची घातलीस. म्हणजे तू खरंच प्रत्येक ओळीचं टोक बदललंस, भारत. हातानं. एकेक. सॉफ्टवेअर खरं बोलत होतं.

कोणीतरी मागून म्हणलं, बापरे, सगळी फाइल?

मी म्हणलं, नीट लावून देणं म्हणजे बदलणं थोडीच? आमच्याकडं वस्तू तशीच परत देत न्हाईत.

आणि मंग एक झालं ज्याची तयारी माझ्या भाषणात नव्हती. अद्वैत म्हणाला, पण चूक आपली आहे. टोकाची खूण बदलली तर सॉफ्टवेअरनं तसं सांगायला हवं. सारख्या दिसणाऱ्या ओळी लाल-हिरव्या करून माणसाला वेडं करायचं नाही. मी न बघताच बंद केला होता. बग आहे. भारत बरोबर आहे.

भारत बरोबर आहे! सगळ्यांसमोर! मी उभाच राह्यलो.

तो तिथंच बसला, खटखट करून दुरुस्ती केली. श्रद्धा मॅडम म्हणल्या, आता भारतची दिवाळीची फाइल लावा, बघू या. आता सगळा लाल-हिरवा पसारा जाणार आणि खरा बदल तेवढा राहणार. मी पडद्याजवळ गेलो. बोट लावून म्हणलं, आता बघा. एकच ओळ लाल, एकच हिरवी. माझा एक शब्द.

पडद्यावर आलं: फक्त ओळींची टोकं बदलली. मजकुरात एकही बदल नाही.

माझं बोट तिथंच होतं.

मॅडमनी फाइल वरून खालपर्यंत बघितली. हळूच म्हणल्या, भारत, 'नष्ट करा' अजून इथंच आहे रे.

मी म्हणलं, दुसरी लावा, तेरा तारखेची. लावली. मजकुरात एकही बदल नाही. दिवाळीत केलं तसंच केल्तं. एक पाऊल इकडंतिकडं न्हाई.

कोणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं, सुडाला धरायला काहीतरी राहिलं असतं.

१९ नोव्हेंबर

विचार केला. दोष राधेश्यामचा आहे. दोन्ही वेळेला शेवटचा चौकोन पुसला की चहा घेऊन आला. आता शब्दाकडं वळणार तेवढ्यात चहा. माणसानी काय करावं? राधेश्यामचा सूड वेगळ्या वहीत घेईन.

मॅडमनी बोलावलं. म्हणल्या, बग तू धरलास, ते मान्य. शब्द राहिला, तेपण मान्य करू. ट्रायल आणखी तीन महिने. ह्या वेळी अद्वैतच्या शेजारी बस, तो काम देईल, तू कर, तो बघेल. मी म्हणलं, त्याच्या हाताखाली? म्हणल्या, त्यानंच मागितलंय. म्हणाला, आम्ही सगळे नीट वापरतो, हा वापरतो तसं कोणी वापरत नाही.

ह्याला कौतुक धरायचं का, ते कळेना. धरलं.

जागा बदलली. पहिलं काम: 'नष्ट करा' काढून 'काढून टाका'. केलं. बाकी कशाला हात लावला न्हाई, खुर्चीच्या हातांनापण न्हाई. एक ओळ लाल आली. एक हिरवी. बाजूला माझं नाव, एकदाच.

बराच वेळ बघत बसलो. छान दिसतं.

२० नोव्हेंबर. जेवणाच्या सुट्टीनंतर

चटणी काढायचीच राहिली. सकाळी डबा बॅगेत तसाच आला आणि शेजारीच बसायचं असल्यामुळं लपवायला जागा न्हाई. दिला. म्हणलं, आईनी दिलाय.

त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, म्हणाले, अरे, आमचे आजोबा जांबला असली चटणी खायचे. मी म्हणलं, जपून, आमच्या पद्धतीची आहे. म्हणाले, अरे गाववाला आहे मी. आणि चमचा भरून घेतली.

आधी कान लाल झाले. मंग नाक. मंग टेबल धरलं. श्रद्धा मॅडम उठून आल्या, बाकीचे डबे सोडून आले, सगळे गोल उभे राहिले.

अद्वैत सरांच्या डोळ्यात पाणी आलं. भर ऑफिसात, सगळ्यांसमोर. घळाघळा.

ठराव दुसरा पूर्ण. रोजनिशी बंद.

पाणी मागितलं. आणून दिलं.